पाचवा चौकोन

आमच्या दवाखान्याच्या केसपेपरवर पाच चौकोन होते. नाव, वय, गाव, तक्रार आणि हसू. पहिले चार सगळीकडेच असतात. पाचवा सरांनी छापखान्यात स्वतः उभं राहून छापून घेतला होता, कारण चूक झाली असेल असं समजून छापखानेवाल्याने तो दोनदा गाळला होता. पेशंट बाहेरच्या बाकावर बसलेला असताना तो शेवटचा कधी आणि कशावर हसला हे विचारायचं आणि त्या चौकोनात लिहायचं, हे माझं काम. पगार त्याचाच होता. रक्तदाब वगैरे मी हौसेने घ्यायचे.

अकरा वर्षं मी हा चौकोन भरला. शेवटी एक केसपेपर सरांच्याच नावाचा लिहायची वेळ आली. तो लिहिला नसता तर सरांच्या हातून एखाद्या पेशंटचा जीव गेला असता, आणि लिहिला म्हणून सरांचा दवाखाना गेला. त्याबद्दलच सांगायचं आहे, पण आधी सर कोण होते ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं चेष्टा वाटेल.

सर मनाचे डॉक्टर. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयातून निवृत्त होऊन डहाणूला आले ते एकटेच, लग्न केलेलं नव्हतं. नरपडला चिकूच्या एका वाडीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सोमवार ते बुधवार डहाणूला स्टेशनजवळ बेकरीच्या वर बसायचे आणि गुरुवारी तलासरीला हायवेलगतच्या एका गाळ्यात. तिथे शेजारी पंक्चरवाला होता, त्यामुळे तलासरीच्या पेशंटांनी आपली दुःखं हवा भरायच्या आवाजात सांगितली. सर बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा घालायचे, गवती चहा घालून बिनदुधाचा चहा प्यायचे आणि एसटीत नेहमी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायचे. तिथून ड्रायव्हर-कंडक्टरच्या गप्पा ऐकू येतात म्हणून. खिशात एक बारकी वही असायची. कंडक्टर काही गमतीचं बोलला की सगळी बस हसायची आणि सर लिहायला घ्यायचे. एका कंडक्टरला बरेच दिवस हे तक्रार लिहिणारे कोणी साहेब वाटत होते.

मी मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझी प्रमाणपत्रं न उघडताच बाजूला ठेवली. म्हणाले, "एखादा विनोद सांगा. वाचलेला नको."

मला विनोदांची काय कमी? लग्नाकार्यात बायका मला मुद्दाम आपल्यात बसवून घ्यायच्या. मी माझा हुकमी विनोद काढला. माझे बाबा चिकूच्या वखारीत फळं निवडायचे. लहान-मोठं वेगळं करायचं, कच्चं-पिकं दाबून ओळखायचं. "मला बघायला एकदा पाहुणे आले," मी सांगितलं. "मुलगा बाबांच्या शेजारी बसला. बाबांनी हळूच त्याचा दंड दाबून पाहिला आणि त्याच्या आईला म्हणाले, 'अजून चार दिवस पेंढ्यात ठेवा, मग आणा.'"

यावर न हसलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. सर हसले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि विचारलं, "मग तो मुलगा परत आला का?"

मला असा राग आला की उठून निघून जावंसं वाटलं. तो परत आला नव्हता. त्याच्यानंतरचेही आले नव्हते. आई गेल्यापासून बाबांना एकट्याने जेवायची धास्ती होती आणि दर मुलात त्यांना काहीतरी कच्चं सापडायचं. हे मला माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं, पण आम्ही दोघांनी त्याचा विनोद करून टाकला होता. बाबा गेल्यावरही मी तो सांगत फिरत होते. इतक्या वर्षांत त्याच्या पुढचं कोणी विचारलंच नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

"बरं," सर म्हणाले. "सोमवारपासून या."

सर कधीच हसायचे नाहीत. रागीट होते म्हणून नव्हे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "मी हसलो की समोरच्याला वाटतं, गोष्ट संपली. ती तर तिथून सुरू होते." ते मनोविश्लेषण शिकलेले होते. त्यात पेशंटची स्वप्नं विचारतात म्हणे. सरांचं म्हणणं, आपल्या पेशंटला पहाटे उठून कामावर पळायचं असतं, स्वप्न लक्षात ठेवायला त्याला सवड कुठे? विनोद मात्र प्रत्येकाकडे असतो. जे बोलायची चोरी आहे ते माणूस हसत हसत बोलून टाकतो. कोणी पकडलंच तर 'गंमत केली हो' म्हणायला मोकळा. एवढं त्यांनी मला पहिल्या दिवशी चहा पिता पिता सांगितलं आणि विचारलं, "समजलं?" मी हो म्हटलं. समजायला दोन वर्षं गेली.

या विद्येचा चारचौघांत फार त्रास व्हायचा. नरपडला एका लग्नात एक मास्तर बायकोवरचे विनोद एकापाठोपाठ एक सांगत होते, मंडप हसत होता. सर शांतपणे जिलबी खात होते. जिलबी संपल्यावर त्यांनी विचारलं, "वहिनी माहेरी गेल्याला किती दिवस झाले?" मास्तरांचा चेहरा पडला. त्या तीन महिन्यांपूर्वी गेल्या होत्या आणि हे मंडपात कोणालाच माहीत नव्हतं. पुढच्या हंगामात सरांना लग्नाची आमंत्रणं आली नाहीत, आणि मी त्यांच्या हाताखालची म्हणून मलाही नाहीत. अर्थात त्या मास्तरांनी महिन्याभराने गुपचूप येऊन केसपेपर काढला, तेही खरं.

समुद्रावर सकाळी हात वर करून मोठमोठ्याने हसणाऱ्यांचं एक मंडळ होतं. त्यांनी वर्धापनदिनाला सरांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. सर गेले, पंधरा मिनिटं त्यांचं हसणं ऐकलं आणि भाषणाला उभे राहून म्हणाले, "तुम्ही सगळे कशाला घाबरता, ते एकेकाने सांगा बघू." अध्यक्ष एक गुजराती शेठ होते, भले गृहस्थ. ते म्हणाले, "साहेब, आमी तर डॉक्टरने सांगितला म्हणून हसतो. बीपी राहतो ना." सर म्हणाले, "मग बीपीला घाबरता." शेठ म्हणाले, "हां, ते तर आहे." तेवढं एक वाक्य खरं निघालं म्हणून सर परतीच्या रिक्षात खुशीत होते. खुशीत असले की ते चष्मा पुसायचे.

पण मला सर कळले ते तलासरीच्या कोंबडीमुळे.

एका गुरुवारी दोन भाऊ आले. पाड्यावर राहणारे, मिळेल ती मजुरी करणारे. थोरल्याने धाकट्याला दंडाला धरून आणलं होतं. आई गेली, आणि तिला उचलताना सगळे रडत असताना हा धाकटा खो खो हसला. भावकी बिथरली. कोणी म्हणे याला काहीतरी लागलंय, कोणी म्हणे यानेच आईला काही केलं असेल. बायको पोरांना घेऊन आपल्या भावाकडे गेली. धाकटा बाकावर पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता. मी पाचवा चौकोन विचारला तर म्हणाला, "त्याच्यासाठीच तं आनलाय मना."

आत सरांनी त्याला विचारलं, "कशावर हसलास?"

बाहेर पंक्चरवाला ठोकत होता. ठोकाठोक थांबल्यावर धाकटा म्हणाला, "आई रोज वरडं. कोंबडी घरात आली, हाकल. खाटल्यावर चढली, हाकल. तिला भुईवर निजवली, नी तीच कोंबडी आली नी तिच्या खाटल्यावर जाऊन बसली. पाय पोटात घेऊन. मना हसू आला." एवढं सांगताना त्याला पुन्हा हसू फुटलं, आणि ते हसू थांबेना, आणि थांबलं तेव्हा तो रडत होता. सर तसेच बसून होते. थोरला दाराशी उभा होता. तो भिंतीकडे बघत हळूच म्हणाला, "मीनं पन पाहिली व्हती. मीनं तोंड फिरवला."

सरांनी गोळी लिहिली नाही. थोरल्याला सांगितलं, "घरी गेल्यावर कोंबडीची गोष्ट तू सगळ्यांना सांग. याने नाही, तू." दोन आठवड्यांनी थोरला पुन्हा आला तो कामावर जाता जाता, हातात शेवग्याच्या शेंगा घेऊन. धाकट्याची बायको परत आली, म्हणाला. मी सरांना म्हटलं की एवढंच होतं तर मीही सांगितलं असतं. सर म्हणाले, "तुम्ही त्याला आधी हसू दिलं नसतं." ते बरोबर होतं. मी हसण्यात सामील झाले असते किंवा गप्प बस म्हटलं असतं.

सरांचे दोन नियम होते. एक असा, की माणूस एकाच गोष्टीवर तिसऱ्यांदा विनोद करतो तेव्हा तिथे दुखत असतं. पहिल्याला हसलात तर माफ, दुसऱ्याला कान उघडे ठेवा, तिसऱ्याला लिहा. दुसरा असा, की विनोदाला ऐकणारा लागतो. "एकट्याने विनोद करणारा माणूस मी अजून पाहिला नाही," ते म्हणायचे. "दिसला तर मला कळवा, तो फार अडचणीत असेल."

आता सरांच्या केसपेपरकडे येते.

गेल्या वर्षी होळीच्या आसपास एक दिवस सर दवाखान्यात आले ते पायात दोन वेगळ्या चपला घालून. एक काळी, एक तपकिरी. बाकावरच्या बाईने दाखवलं तेव्हा सरांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "एक पाय डहाणूचा, एक तलासरीचा. गुरुवारी अदलाबदल करतो." सगळे हसले. मी तर एवढी हसले की डोळ्यांत पाणी आलं. अकरा वर्षांत सरांनी विनोद केला नव्हता! त्या दिवशी मी खालून सगळ्यांसाठी नानकटाई आणली.

दुसरा विनोद तलासरीला. त्या दिवशी चारोटीहून अहमदाबादकडे जाणारी हायवेची गाडी पकडली होती आणि सर आपला डबा गाडीतच विसरून उतरले. "डबा अहमदाबाद बघून येऊ दे," म्हणाले, "मी काही अजून पाहिलं नाही." पंक्चरवाला हसला, मीही हसले, आणि आपल्या डब्यातली एक भाकरी त्यांना दिली. त्याच दुपारी त्यांनी एका पेशंटला गावाचं नाव तीनदा विचारलं. मला वाटलं ठोकाठोकीच्या आवाजात ऐकू आलं नसेल. या दोन हसण्यांची मला आजही लाज वाटते. नियम सरांनीच शिकवला होता, पण सरांना तो लागू पडेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिसरा मेमध्ये. विवळवेढ्याहून एक म्हातारी यायची, झोप लागत नाही म्हणून. सरांनी तिला चिठ्ठी लिहून दिली. थोड्या वेळाने खाली बेकरीशेजारी दुकान असलेला औषधवाला स्वतः जिना चढून वर आला, हातात तीच चिठ्ठी. झोपेची एकच गोळी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी लिहिली होती, दोन्ही पूर्ण मात्रेत. "सर, मी दिली असती तर आजी उठलीच नसती," तो म्हणाला. सरांनी चिठ्ठी हातात घेतली, पाहिली, आणि म्हणाले, "एकट्या गोळीला रात्री भीती वाटते. सोबत दिली." औषधवाला हसला. म्हातारीला काही कळलं नव्हतं, पण डॉक्टर गमतीत आहेत हे बघून तीही बोळक्या तोंडाने हसली.

मी हसले नाही. सरांनी एक ओळ खोडली, सही केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून पुढच्याचं नाव लिहायला लागले.

आठवडाभर मी काही केलं नाही. त्या आठवड्यातली प्रत्येक चिठ्ठी मी खाली पळत नेऊन औषधवाल्याबरोबर तपासली, तलासरीच्या त्याला फोनवर वाचून दाखवल्या. त्याला म्हटलं, कोणाला बोलू नका. पण हे किती दिवस चालणार? मी चार बुकं शिकलेली बाई, मी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या काय तपासणार? आणि सरांना तोंडावर कसं सांगायचं, की तुम्ही विसरायला लागलात? त्यांना त्या खुर्चीशिवाय दुसरं काय होतं? सांगायची एकच रीत मला येत होती आणि तीही त्यांचीच होती.

सोमवारी बाहेर आठ पेशंट होते. मी नववा केसपेपर काढला. नावापुढे सरांचं नाव लिहिलं. वय चौऱ्याहत्तर. गाव नरपड. तक्रारीचा चौकोन लिहवेना, तो तसाच सोडला. पाचव्यात लिहिलं: चपला. डबा. गोळीला सोबत. तो कागद मी गठ्ठ्यात चौथा ठेवला आणि आत दिला.

तीन पेशंट झाले. आतून आवाज आला, "चार नंबर." कोणी उठलं नाही. मी आत गेले आणि दाराशी उभी राहिले. सर कागद वाचत होते. दोन ओळी वाचायला माणसाला एवढा वेळ लागत नाही.

"बसा," ते म्हणाले. मी पेशंटच्या खुर्चीत बसले.

"तीन नाहीत. चार आहेत," सर म्हणाले. "पहिला तुम्ही ऐकला नाहीत. जानेवारीत संध्याकाळी फिरून येत होतो. गल्लीत सगळी फाटकं सारखी दिसायला लागली. मालकांचा कुत्रा मागे होता. त्याला म्हटलं, 'तुला ठाऊक असेल तर तू पुढे हो, मी काय, भाडेकरू.'"

"मग?"

"तो पुढे झाला." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "एकट्याने विनोद करणारा माणूस दिसला तर कळवा म्हटलं होतं ना. दिसला होता. कळवायचं राहून गेलं."

मला रडू आवरेना. सरांनी मला रडू दिलं. मग पेन उघडून त्यांनी माझ्या तीन नोंदींच्या वर 'कुत्रा' असं लिहिलं आणि तक्रारीच्या रिकाम्या चौकोनात सरळ, सुवाच्य अक्षरात लिहिलं: विसरतो. स्वतःला भिती वाटते. 'भीती'तली वेलांटी चुकली होती, ती त्यांनी दुरुस्त केली.

"तुम्ही कितींवर हसलात?"

"दोन."

"तेही लिहा. पुढच्या डॉक्टरला उपयोगी पडेल." आणि कागद माझ्याकडे सरकवला. "बाहेर किती आहेत?"

"पाच."

"त्यांना सांगा, डॉक्टर आजारी आहेत. दुसऱ्या डॉक्टरांच्या नावे पत्रं लिहून देऊ, कोणाला वाऱ्यावर सोडणार नाही. पत्र तुम्ही लिहायचं, मी वाचायचं, औषधवाल्याने पुन्हा वाचायचं. मगच सही."

तीन आठवडे आम्ही तेच केलं. मुंबईला तपासण्या झाल्या, निघायचं तेच निघालं. तलासरीचा गाळा रिकामा करताना पंक्चरवाल्याने सामान टेम्पोत चढवून दिलं आणि म्हणाला, "आता आमचा ठोकाठोक कोन ऐकनार?" सरांनी पेशंटला विचारावं तसं त्याला विचारलं, "हे कोणाबद्दल आहे?" तो म्हणाला, "तुमच्याबद्दलच, दुसऱ्या कोनाबद्दल?" सरांनी मान हलवली.

बेकरीवरच्या खोलीत आता दुसरे डॉक्टर बसतात, तरुण आहेत, चांगले आहेत. केसपेपर कॉम्प्युटरवर निघतो, त्याला पाचवा चौकोन नाही. मी समासात लिहिते. त्यांनी अजून विचारलेलं नाही.

रविवारी मी नरपडला जाते. मालकांच्या घरचे सरांकडे बघतात, आणि तो कुत्राही पायाशी असतो. सुरुवातीला सर मला ओळखायचे, मग नावाने नाही पण आवाजाने, आणि यंदाचा पावसाळा संपता संपता तेही गेलं. मी कोणीतरी बरी बाई आहे एवढं त्यांना कळतं. काय बोलायचं हा प्रश्न पडला तेव्हा एका रविवारी मी माझा जुना विनोद सांगितला. पाहुणे आले, बाबांनी मुलाचा दंड दाबला, अजून चार दिवस पेंढ्यात ठेवा.

सर हसले. मांडीवर थाप मारून, खांदे हलवत, दातांच्या फटी दिसेपर्यंत. मी त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. वाडीतले लोक डोकावून बघायला लागले. मालकीणबाई म्हणाल्या, "बघा, किती खूष झाले!" मी मात्र खाली वाकून कुत्र्याला थोपटत बसले.

आता दर रविवारी मी तोच विनोद सांगते. त्यांना तो दर वेळी नवा असतो. ते हसतात, आणि मी थांबते. कधीतरी ते चष्मा काढतील, पुसतील आणि विचारतील, मग तो मुलगा परत आला का. मी उत्तर तयार ठेवलेलं असतं. हसणं ओसरतं, सर चिकूच्या झाडांकडे बघत बसतात. प्रश्न येत नाही.

मग मीच विचारते, "सर, शेवटचं कधी हसलात?"

"आत्ताच," ते म्हणतात.

घरी येऊन मी त्यांच्या केसपेपरवर तारीख घालते आणि ते लिहून ठेवते.